कारगिल दिनाला गे माजी अधिकारी वक्ता म्हणून बोलवावा का?

घोडबंदरकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी ठाण्यात, मानपाड्याच्या थोडी पुढे. दरवर्षी २६ जुलैला आम्ही एखाद्या माजी सैनिकाला बोलावतो. शाल-श्रीफळ, तासभर भाषण, मग वडापाव आणि चहा. यंदा समितीतल्या एका तरुण मुलीने एका निवृत्त मेजरांचं नाव सुचवलं. राहतात ठाण्यातच, काश्मिरात फील्डवर राहून आलेले, बोलतातही छान. ते गे आहेत आणि हे लपवत नाहीत. सैन्यात समलिंगी लोकांना बरोबरीची वागणूक मिळावी म्हणून लिहितात, कॉलेजांत जाऊन बोलतात. होकार देतानाच त्यांनी सांगितलं, "कारगिलवर बोलेनच, पण शेवटची वीस मिनिटं माझ्या विषयाला. ते नको असेल तर दुसरं कोणी बघा, राग नाही."

झालं, समितीत दोन तट पडले. चेअरमन काका म्हणतात, शहिदांच्या दिवशी हे कशाला? मला बोलवावं असं वाटतं, पण काकांपुढे टिकतील असे मुद्दे हवेत. शिवाय एक शंका मलाही आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तर २०१८ मध्येच गेलं. मग आता नेमकं मागायचं काय उरलं?

विक्षिप्त वाशीकर
रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

मीनल_नौपाडा
वाचतेय. (वाशीकर, पॉपकॉर्न इकडेही सरकवा.)

निवृत्त हवालदार
मी मूळचा साताऱ्याकडचा, अपशिंगे मिलिटरीच्या बाजूचा. मराठा लाईट इन्फंट्रीत उमेदीची सगळी वर्षं काढली, आता कळव्यात मुलाकडे असतो. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. त्या मेजरसाहेबांबद्दल मला काही वाकडं बोलायचं नाही. फील्डला राहिलेला माणूस आहे, माझा त्यांना सॅल्यूट. पण तुम्ही शहरातली माणसं बंकर बघितलेला नाही. बर्फात चार जणांना एका बंकरमध्ये महिनोन्महिने काढायचे असतात. अंगाला अंग लावून झोपायचं, अंघोळ नाही, खाजगी असं काहीच नाही. तिथे एकमेकांविषयी मनात शंका आली की काम बिघडतं. सिव्हिलमध्ये कोणी कसंही राहावं, पलटणीत हे आणू नये. आणि चेअरमनसाहेबांचं बरोबर आहे. त्या दिवशी फक्त गेलेल्यांची नावं घ्यावीत.

सीवूड्सची सई
हवालदार काका, नमस्कार. आमचे हे आर्टिलरीत होते, देवळालीपासून तवांगपर्यंत संसार डोक्यावर घेऊन फिरले. तुम्ही बंकर म्हणता ते मी पाहिलेलं नाही, पण मेस पाहिलीय. जवळजवळ प्रत्येक युनिटमध्ये एखादा 'पक्का बॅचलर' असायचा. आम्ही बायका हौसेने त्याला स्थळं सुचवायचो, आणि तो हसून विषय बदलायचा. त्यातल्या एकाबद्दल सगळ्यांना कल्पना होती. सीओंपासून (कमांडिंग ऑफिसर) मेस हवालदारापर्यंत. कोणी काही बोललं नाही, कारण माणूस कामाला वाघ होता. पलटण काही मोडली नाही हो. पुढे त्याचं एका वरिष्ठाशी कुठल्याशा बिलावरून वाजलं, आणि लगेच ही 'कल्पना' फाईलवर आली. त्याने आपणहून राजीनाम्याचे कागद टाकले आणि गेला.

मला तेव्हापासून खटकतं ते हे. चालवून घ्यायचं तोवर घ्यायचं आणि नको झाला की तेच हत्यार काढायचं.

कायदेकानू
धागाकर्त्यांच्या शंकेपासून सुरू करतो, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच आहे.

६ सप्टेंबर २०१८ ला नवतेजसिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की दोन सज्ञान व्यक्तींनी संमतीने, खाजगीत ठेवलेला संबंध ३७७ खाली गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३७७ ची जागा घेणारं कलमच नाही. इथवर सिव्हिलियनची गोष्ट संपली.

सैनिकाला मात्र आर्मी अॅक्ट, १९५० लागू आहे. त्यातलं कलम ४६ क्रूर, अश्लील किंवा 'अनैसर्गिक' स्वरूपाच्या लांच्छनास्पद वर्तनासाठी आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. कलम ४५ अधिकारी आणि जेसीओंच्या (सुभेदार वगैरे) अशोभनीय वर्तनासाठी. शिवाय कलम ६३, सुव्यवस्था आणि शिस्तीला बाधक असं काहीही. यातलं एकही कलम २०१८ ला रद्द झालं नाही. घटनेच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला सैन्यदलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याची मुभा दिलेली आहे, त्यामुळे निकाल आपोआप बराकीत पोहोचत नाही. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी वार्षिक पत्रकार परिषदेत हेच सांगितलं: सैन्य पुराणमतवादी आहे, हे सैन्यात चालणार नाही, आम्ही आर्मी अॅक्टखाली कारवाई करू.

व्यभिचाराचंही असंच झालं. ४९७ कलम २०१८ मध्ये गेलं, आणि ३१ जानेवारी २०२३ ला न्यायालयानेच खुलासा केला की सैन्यदलं आपापल्या कायद्यांखाली कारवाई करू शकतात.

विक्षिप्त वाशीकर
म्हणजे गेटच्या बाहेर नागरिक, गेटच्या आत आरोपी. एकच माणूस, फक्त आयकार्ड दाखवायचा अवकाश.

घोडबंदरकर (धागाकर्ता)
वकीलसाहेब, धन्यवाद, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. एक विचारतो. मग सेवेतलाच कोणी कोर्टात का जात नाही? निवृत्तांनीच का बोलायचं?

कायदेकानू
कोर्टात जायचं तर आधी स्वतःच्या सहीने प्रतिज्ञापत्र करावं लागतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी कारवाई होऊ शकते तीच लेखी कबूल करायची. शिवाय आर्मी रूल्स, १९५४ मधला नियम २१ सेवेत असताना परवानगीशिवाय सेवेसंबंधी छापायला किंवा भाषण द्यायला मनाई करतो. तोंड उघडायचं तर पेन्शनरच हवा. मेजर जे. सुरेश यांचं उदाहरण बघा. इन्फंट्रीचे अधिकारी, २०१० मध्ये बाहेर पडले आणि आपण गे आहोत हे जाहीर लिहिलं २०२० मध्ये. मधली दहा वर्षं तर सैन्याचा कोणताच नियम आड येत नव्हता. यावरून त्या शांततेची सवय किती खोल जाते ते समजा.

त्यांच्यावरून प्रेरणा घेऊन दिग्दर्शक ओनीर यांनी पटकथा लिहिली. संरक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये तिला ना-हरकत नाकारली. लोकसभेत प्रश्न आला तेव्हा उत्तर मिळालं की काश्मिरात तैनात सैनिक आणि स्थानिक मुलगा यांचं प्रेम दाखवल्याने लष्कराची प्रतिमा मलिन होते आणि सुरक्षेचेही प्रश्न येतात.

निवृत्त हवालदार
त्यात चूक काय? काश्मिरात तैनात जवानाने स्थानिक मुलीशी सूत जमवलं तरी सीओ त्याला उभा सोलतील.

मीनल_नौपाडा
काका, मग तोच नियम दोघांना लावा ना! मुलीसाठी सोलतील तेवढंच मुलासाठी सोला. समान हक्क, समान सोलणं. :)

निवृत्त हवालदार
हे मात्र पटलं, ताई.

नाव नको
नेहमीच्या आयडीने लिहीत नाही, समजून घ्या. तिन्हीपैकी एका दलात होतो. कोणत्या, ते सांगत नाही. आता खारघरला राहतो आणि बेलापूरच्या एका कंपनीत सुरक्षा विभाग सांभाळतो.

हवालदार साहेब, मी बंकरमध्ये राहिलोय. तुम्हाला वाटतं आमच्यासारखा माणूस तिथे इतरांकडे बघत बसेल. मी तिथे एकच गोष्ट बघायचो, ती म्हणजे माझ्या तोंडून काही निसटत तर नाही ना. रात्री सगळे घरच्या गोष्टी काढायचे, बायकोचं पत्र, मुलाचा दात. मी एक मुलगी रचली होती. तिचं गाव चिपळूण, शिकते डी.एड., घरचे तयार नाहीत. एवढा तपशील ठरवून ठेवावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतं, "अरे, काल गुहागर म्हणालास ना?" ज्यांच्यासाठी मी गोळी खाल्ली असती आणि ज्यांनी माझ्यासाठी खाल्ली असती, त्यांच्याशी रोज खोटं बोललो. विश्वास बिघडतो म्हणता ना, तो याने बिघडतो.

मला कोणी काढलं नाही. कोर्ट मार्शल नाही, चौकशी नाही. डाग नसलेली बुकं घेऊन बाहेर पडलो. पण एकदा जखमी झालो होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. नेक्स्ट ऑफ किनच्या, म्हणजे जवळच्या नातलगाच्या, रकान्यात वडिलांचं नाव होतं, गावी त्यांना फोन गेला. ज्याच्याबरोबर मी सुट्ट्या काढत होतो, ज्याच्या ऐरोलीच्या खोलीत माझी निम्मी पुस्तकं होती, तो फोन लागत नाही म्हणून वेड्यासारखा वाट बघत राहिला. त्याला कोण सांगणार? आणि काय म्हणून सांगणार?

मला परेडमध्ये झेंडा नकोय. त्या फॉर्मवर खरं नाव लिहिता यावं, आणि लिहिलं म्हणून फाईल उघडू नये. बस.

सीवूड्सची सई
…तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. चिपळूणच्या मुलीवर मीही विश्वास ठेवला असता, आणि वर लग्नाला साडी कुठली घ्यायची तेही विचारलं असतं.

लंडनवासी ठाणेकर
जन्म राम मारुती रोडचा, आता लंडनजवळ असतो, म्हणून इथलं सांगतो.

ब्रिटिश सैन्यात २००० सालापर्यंत गे असणं हेच बडतर्फीचं कारण होतं. लष्करी पोलीस खोलीची झडती घ्यायचे, पत्रं वाचायचे, तासन्‌तास घाणेरडे प्रश्न विचारायचे. काढून टाकलेल्या चौघांनी, जीनेट स्मिथ, ग्रेम ग्रेडी, डंकन लस्टिग-प्रीन आणि जॉन बेकेट यांनी, युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत खटला नेला आणि सप्टेंबर १९९९ मध्ये जिंकला. सरकारचा बचाव शब्दशः हवालदार काकांचाच होता: बाकीचे सैनिक स्वीकारणार नाहीत, मनोधैर्य खचेल. न्यायालय म्हणालं, बाकीच्यांचा पूर्वग्रह हे काढण्याचं कारण होऊ शकत नाही. १२ जानेवारी २००० ला बंदी उठली. काही महिन्यांनी संरक्षण खात्याने स्वतःच आढावा घेतला, तर लढण्याच्या क्षमतेवर जाणवण्यासारखा परिणामच नव्हता. जुलै २०२३ मध्ये पंतप्रधान सुनक यांनी संसदेत माफी मागितली, पुढे नुकसानभरपाईसाठी ७.५ कोटी पौंडांपर्यंतची तरतूद झाली.

अमेरिकेत याच्याही आधी लिओनार्ड मॅटलोविच होऊन गेला. हवाई दलातला सार्जंट, व्हिएतनाममध्ये जखमी, जखमी सैनिकांना देतात ते पर्पल हार्ट पदक मिळालेला. १९७५ मध्ये सेवेत असतानाच त्याने वरिष्ठाच्या हातात पत्र ठेवलं की मी समलिंगी आहे. त्याला काढलं, तो लढला. तो १९८८ मध्ये एड्सने गेला. वॉशिंग्टनमध्ये त्याच्या थडग्यावर नाव नाही. लिहिलंय ते असं: सैन्यात असताना दोन पुरुषांना मारल्याबद्दल त्यांनी मला पदक दिलं आणि एकावर प्रेम केल्याबद्दल काढून टाकलं. तिथे गे लोकांना उघडपणे सेवा करता येऊ लागली ती २० सप्टेंबर २०११ पासून.

विक्षिप्त वाशीकर
लंडनकर, माहिती उत्तम. पण राम मारुती रोड सोडून तिथे मन कसं रमतं तुमचं? मिसळ मिळते का?

लंडनवासी ठाणेकर
मिळते. फरसाणावर सांबार ओतून देतात आणि साडेनऊ पौंड घेतात. मामलेदारच्या तिखटाच्या आठवणीने दोन्ही प्रकारे डोळ्यांत पाणी येतं.

मीनल_नौपाडा
मामलेदार आता पूर्वीसारखी राहिली नाही.

विक्षिप्त वाशीकर
घ्या! आता खरा वाद पेटणार.

इतिहासवेडा
मिसळीवर स्वतंत्र धागा काढा कृपया.

लंडन-अमेरिकेची उदाहरणं चेअरमन काकांपुढे मांडू नका. 'ती त्यांची संस्कृती' या तीन शब्दांत काका धागा गुंडाळतील. आपल्या कोकणातलं सांगा. गोपाळबाबा वलंगकर. मूळचे महाडजवळच्या रावढळचे, सैन्यात नोकरी केली, १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीला राहिले. तो पेन्शनरांचा गावच होता. इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चं खूळ काढलं आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी ईस्ट इंडिया कंपनीसाठी लढाया मारल्या ते एकाएकी सैनिक व्हायला नालायक ठरले. तेव्हा १८९४ मध्ये वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी तेच काम चालवलं. महार रेजिमेंट उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात.

म्हणजे निवृत्त सैनिकाने पेन्शन खात घरी न बसता 'आमच्या लोकांना बरोबरीने नोकरी करू द्या' म्हणून सरकारला लिहिणं, ही आपल्याकडची रीत आहे. कोणाकडून उसनी आणलेली नाही.

निवृत्त हवालदार
जातीचा अन्याय आणि हे एका पंगतीला बसवू नका. तो जन्माचा भाग होता.

नाव नको
हेही जन्माचंच आहे, साहेब.

कायदेकानू
इतिहासवेडा, तुलना अर्धीच लागू पडते असं मला वाटतं. तिथे दरवाजाच बंद होता. इथे माणसं आत आहेत, नोकरी करताहेत, फक्त गप्प आहेत. म्हणून मला स्त्रियांच्या परमनंट कमिशनचा (अधिकारी म्हणून निवृत्तीपर्यंत कायम नोकरी) खटला जास्त जवळचा वाटतो. सरकारने सांगितलं होतं की जवान बहुतांशी ग्रामीण भागातले असतात, बाईचा हुकूम घ्यायची त्यांची मानसिकता नाही. १७ फेब्रुवारी २०२० ला न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. अनुच्छेद ३३ तेव्हाही होतंच. खडकवासल्याच्या एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. जवानांच्या मानसिकतेचं काय झालं म्हणायचं?

निवृत्त हवालदार
हे 'ग्रामीण जवानाची मानसिकता' प्रकरण मला तेव्हाही आवडलं नव्हतं. साहेबलोकांना स्वतःला जे करायचं नसतं ते आमच्या नावावर खपवतात. आम्हाला कोणी विचारलं होतं?

दोन दिवस हा धागा परत परत वाचला. खारघरच्या भावाचं चिपळूणचं वाचून झोप लागली नाही. माझ्या सेक्शनला एक पोरगा होता, त्याचीही अशीच एक कोणी होती, कधी कोल्हापूरची, कधी कराडची. आम्ही त्याला फार चिडवायचो. जाऊ द्या.

पण मला एक सांगा. बोलतात ते सगळे अधिकारी. मेजर, कॅप्टन. ते बाहेर पडले की कंपनीत नोकरी लागते, इंग्रजी येतं, शहरात कोणी विचारत नाही. जवानाचं काय? तो गावी जाणार. त्याचं काय होतं हे मेजरसाहेब सांगणार का?

कायदेकानू
हवालदार साहेब, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. अधिकाऱ्यावर खटला चालवायचा तर जनरल कोर्ट मार्शल लागतं, कागदपत्रं, बचावासाठी वकील, महिने जातात. त्यामुळे बहुतेक वेळा 'राजीनामा दे आणि जा' यावर मिटतं. जवानासाठी समरी कोर्ट मार्शल आहे. त्यात सीओ एकटाच न्यायाधीश. लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा सीओ एक वर्षापर्यंत कैद आणि बडतर्फी देऊ शकतो. बडतर्फी झाली की पेन्शनवर पाणी. अपिलाला सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, मुंबईत खंडपीठही आहे, पण गावात कारण सांगून अपील करायला किती जण धजावतील?

सीवूड्सची सई
आणि जे नोकरी पुरी करून निघाले त्यांचं? फॅमिली पेन्शन जोडीदाराला मिळत नसेलच. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्डही नाही?

कायदेकानू
नाही. दोन्हीकडे कुटुंब म्हणजे वैवाहिक जोडीदार, मुलं, अवलंबून असलेले आईवडील असंच धरतात. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, त्यामुळे तो रस्ता सध्या बंद आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने एवढं स्पष्ट केलं की बँकेत जोडखातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी लावायला आडकाठी नाही. नाव नको, तुमचं पेन्शन ज्या खात्यात जमा होतं तिथे हे करून घ्या, आणि मृत्युपत्र नोंदवून ठेवा. फॅमिली पेन्शन नॉमिनेशनने मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

नाव नको
नॉमिनी लावलाय. बँकेतल्या मुलीने नातं विचारलं, मी मित्र सांगितलं. तिने न बघताच टाईप केलं.

घोडबंदरकर (धागाकर्ता)
मंडळी, काल समितीची बैठक झाली. इतिहासवेडा, वलंगकर कामाला आले. चेअरमन काकांचं आजोळ दापोलीचं निघालं, मग अर्धा तास त्यांनीच आम्हाला कॅम्प दापोलीच्या गोष्टी सांगितल्या. मेजरांना बोलवायचं ठरलं. आधी स्मरण, कारगिल, मग चहा, आणि ज्यांना ऐकायचं त्यांच्यासाठी चहानंतर दुसरा भाग. हे चहाचं मला फारसं रुचलेलं नाही. अर्धी माणसं वडापाव घेऊन घरी पळणार. पण तडजोड केली.

मीनल, तुमचं 'समान सोलणं' काकांना सांगितलं नाही.

मीनल_नौपाडा
भित्रे आहात. :) वडापाव दुसऱ्या भागानंतर ठेवा, एकही माणूस हलणार नाही.

घोडबंदरकर (धागाकर्ता)
हे आम्हाला का सुचलं नाही! केटररला आत्ताच कळवतो.

हवालदार काका, तुमचा जवानाचा प्रश्न मेजरांना फोनवर वाचून दाखवला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, माझ्या कंपनीतल्या एकाचं प्रकरण माझ्यासमोर आलं होतं. मी तेव्हा काय केलं ते फोनवर नाही सांगणार. त्यांना यायला सांगा, सगळ्यांसमोर विचारू द्या.

निवृत्त हवालदार
येतो. पहिल्या ओळीत बसेन आणि विचारेन. कळव्याहून मानपाड्याला सोयीचं काय पडेल?

विक्षिप्त वाशीकर
काका, ठाणे स्टेशनपर्यंत लोकल, तिथून घोडबंदरची टीएमटी. जुलै आहे, कापूरबावडीला ट्रॅफिक तुंबणारच, दीड तास हाताशी ठेवा. मीही येतोय, स्टेशनला पश्चिमेच्या तिकीट खिडकीपाशी भेटा, रिक्षा वाटून घेऊ.